वीज वाचवावी, गच्चीवर तयार करावी की स्वच्छ म्हणून विकत घ्यावी?

घरातील विजेचा खर्च आणि त्या विजेपायी जळणारा कोळसा या दोन्हींचा गांभीर्याने विचार करणाऱ्या कुटुंबासमोर आज मुख्यतः चार मार्ग आहेत. तीच कामे कमी विजेत करणारी उपकरणे आणणे हा पहिला. गच्चीवर सौर पॅनेल बसवून ती ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला जोडणे हा दुसरा. त्याच पॅनेलांना बॅटरीची जोड देणे हा तिसरा. आणि घरात काहीही न बसवता, वीज कंपनी ज्या विजेला हरित म्हणते ती विकत घेणे हा चौथा. जाहिरातींमध्ये या चारही मार्गांची भाषा एकसारखीच असते, त्यामुळे ते एकमेकांना पर्याय आहेत असे वाटू लागते. वास्तविक बिल कमी करणे, प्रदूषण कमी करणे आणि वीज गेली तरी घर चालू ठेवणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत, आणि यांपैकी एकही मार्ग ही तिन्ही कामे सारख्याच ताकदीने करत नाही. म्हणून पैसे घालण्यापूर्वी आपल्याला यांपैकी नेमके कोणते काम करून घ्यायचे आहे हे ठरवावे, आणि घराला वीज किती लागते याबरोबरच ती कोणत्या वेळी लागते हेही पाहावे. या दुसऱ्या प्रश्नाकडे जवळजवळ नेहमीच दुर्लक्ष होते, आणि बहुतेक चुकीचे निर्णय तिथूनच निघतात.

आधी मोजमाप

बिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात १००० वॅटचे उपकरण एक तास चालले तर लागणारी वीज. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण घरातील कोणते काम किती युनिटे खाते याचा आपला अंदाज मात्र सहसा चुकतो, कारण डोळ्यांना दिसते ते दिवे आणि टीव्ही-संगणकाचे पडदे, आणि खरी वीज जाते ती उष्णता इकडून तिकडे करण्यात. शंभर लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायला ४ युनिटांहून किंचित अधिक वीज लागते. हा पाण्याच्या विशिष्ट उष्णतेचा हिशेब आहे, आणि साधा गिझर कितीही महाग घेतला तरी त्यात फरक पडत नाही. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचे नव्वद एलईडी दिवे पाच तास जळू शकतात. ज्या घरात दिवे मालवण्याविषयी मुलांना रोज सांगितले जाते पण गिझर सकाळभर चालू राहतो, त्या घराचे लक्ष चुकीच्या जागी आहे.

पुढील तुलनेसाठी एक नमुना घर डोळ्यांसमोर ठेवू. रोज शंभर लिटर गरम पाणी, त्यासाठी ४.१ युनिटे. जुन्या पद्धतीचे, ७५ वॅटचे चार पंखे दिवसाला दहा तास, म्हणजे ३ युनिटे. फ्रिज १.२ युनिट. दिवे, दूरचित्रवाणी संच, संगणक आणि इतर किरकोळ वापर मिळून १ युनिट. याशिवाय बंद आहेत असे वाटणारी पण प्रत्यक्षात जागी असलेली उपकरणे, म्हणजे राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि सॉकेटमध्येच राहिलेले अडॅप्टर, मिळून सतत ३० वॅट ओढतात असे धरले तर दिवसाला आणखी ०.७ युनिट. एकूण १० युनिटे होतात. ज्या घरात वातानुकूलन यंत्र आहे किंवा हिवाळ्यात विजेवर घर उबदार ठेवावे लागते, तिथे हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. तरी हिशेबाची रीत तीच राहते.

स्वतःच्या घराचे हे चित्र काढायला विशेष काही लागत नाही. सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो. फ्रिजसारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या उपकरणाला तो किमान दोन दिवस लावून ठेवावा, कारण तासाभराच्या मोजणीवरून त्याचा अंदाज येत नाही. रात्री सगळे झोपताना आणि सकाळी कोणी उठण्यापूर्वी मुख्य मीटरवरील आकडा लिहून ठेवला, तर घर झोपेतही किती वीज पिते ते कळते. सतत चालणारे १० वॅट वर्षभरात ८७ युनिटांहून अधिक होतात. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने उपकरणांचा असा सुप्त वापर १ वॅटवर आणण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच हिशेब होता.

वाचवलेले युनिट आणि तयार केलेले युनिट

आता त्याच नमुना घरात सोयी जराही कमी न करता बदल करून पाहू. साध्या गिझरच्या जागी हीट पंपावर चालणारा पाणी तापवण्याचा संच आणला, तर तो हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांचे काम करतो, ४.१ चे १.४ होतात. पंखे ब्रशविरहित डीसी मोटरचे, म्हणजे ज्यांना बाजारात बीएलडीसी म्हणतात तसे, ३० वॅटचे घेतले तर ३ चे १.२ होतात. जागी राहणारी उपकरणे एका बटणाच्या पट्टीवर आणून सतत ओढली जाणारी वीज १० वॅटवर आणली तर ०.७ चे ०.२ होते. फ्रिज आणि इतर वापराला हात लावलेला नाही. एकूण आता ५ युनिटे. घर तेच, पाणी तेवढेच गरम, वारा तेवढाच, आणि वीज निम्मी.

हेच निर्मितीच्या बाजूने पाहू. चांगले ऊन असलेल्या प्रदेशात एक किलोवॅट क्षमतेची पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे देतात. म्हणजे १० युनिटांच्या घराला अडीच किलोवॅट लागतील आणि ५ युनिटांच्या घराला सव्वा किलोवॅट. आजच्या पॅनेलांना किलोवॅटमागे साधारण ५ चौरस मीटर जागा लागते, मधली वाट आणि सावली टाळण्यासाठी सोडायचे अंतर वेगळे. लहान गच्चीवर या फरकाने शक्य आणि अशक्य यांतील सीमा ठरते.

प्रदूषणाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र थोडे वेगळे आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालात वीजनिर्मितीच्या प्रत्येक पद्धतीचे, खाणीपासून मोडीपर्यंतच्या संपूर्ण आयुष्यातील उत्सर्जन दिले आहे. त्यातील मध्यक आकड्यांनुसार एका युनिटामागे कोळशाच्या विजेतून ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूच्या संयुक्त चक्राच्या विजेतून ४९० ग्रॅम, छतावरील सौर विजेतून ४१ ग्रॅम, जलविद्युतेतून २४, अणुविजेतून १२ आणि जमिनीवरील पवनविजेतून ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके वायू बाहेर पडतात. रोज १० युनिटे, म्हणजे वर्षाला ३६५० युनिटे, पूर्णपणे कोळशाची वापरणारे घर वर्षाला जवळजवळ ३ टन उत्सर्जनाला कारणीभूत ठरते. नुसत्या बचतीने ते दीड टनावर येते. बचत न करता सगळी वीज सौर केली तर ते सुमारे १५० किलोवर येते. म्हणजे प्रदूषण हा एकमेव निकष असेल आणि गच्ची मोठी असेल, तर नुसती निर्मिती नुसत्या बचतीपेक्षा कितीतरी सरस ठरते. पण या आकड्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: तयार झालेले प्रत्येक युनिट कोळशाच्या एका युनिटाची जागा घेते, मग ते दुपारी तयार झालेले असो वा रात्री वापरलेले. बचतीला अशा गृहीतकाची गरज लागत नाही, कारण जो पंखा कमी वीज खातो तो दुपारी, संध्याकाळी आणि पहाटेही कमीच खातो.

उपकरणे बदलून किती साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रिजचे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण फ्रिजला वर्षाला सुमारे १८०० युनिटे लागत. आधी कॅलिफोर्नियाने आणि नंतर संपूर्ण देशाने किमान कार्यक्षमतेचे नियम घातल्यावर, फ्रिज आकाराने मोठे होत गेले असतानाही, हा वापर चतुर्थांशाच्या आसपास आला. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी या कामासाठी आयुष्याचा मोठा भाग दिला. अर्थात याचा उलटा अर्थ काढून चालू स्थितीतील, पाच-सहा वर्षांचा फ्रिज मोडीत काढण्याची घाई करू नये; नव्या यंत्राच्या उत्पादनातही ऊर्जा आणि धातू खर्ची पडतात. ज्या जुन्या उपकरणाचा वापर छोट्या मीटरने मोजल्यावर नव्याच्या दुप्पट निघतो, तेच आधी बदलावे.

बचतीच्या मार्गात एक धोका आहे आणि तो निर्मितीच्या मार्गातही आहे. वीज स्वस्त पडू लागली की हात सैल सुटतो. एलईडी दिवे आले म्हणून ते रात्रभर जळू लागतात, आणि बिल शून्याजवळ आले म्हणून वातानुकूलनाचे तापमान दोन अंशांनी खाली जाते. ते तापमान एका अंशाने वर ठेवले तर साधारण ६ टक्के वीज वाचते, तेव्हा दोन अंशांची सैल सवय किती महाग पडते ते उघड आहे.

गच्चीवरील सौर पॅनेल

१९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौर घट, म्हणजे पॅनेलमधील वीज तयार करणारा छोटा तुकडा, लोकांपुढे मांडला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातील चांगली पॅनेल २० ते २३ टक्के सूर्यप्रकाशाची वीज करतात. त्यांची हमी बहुधा २५ वर्षांची असते, दरवर्षी उत्पादन साधारण अर्ध्या टक्क्याने घटते, आणि ती बनवताना खर्ची पडलेली ऊर्जा ती एक-दीड वर्षात परत करतात. सौर पॅनेल आयुष्यभरात स्वतःपुरतीही वीज देत नाहीत हा समज अजून ऐकू येतो. तो कधीच मागे पडायला हवा होता.

तरीही पॅनेलवर लिहिलेली क्षमता आणि गच्चीवर मिळणारी वीज यांत अंतर राहते, आणि त्याची कारणे समजून घेणे निर्णयासाठी आवश्यक आहे. लिहिलेली क्षमता प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश, अशा ठरलेल्या परिस्थितीत मोजलेली असते. भर उन्हात घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि सिलिकॉनचे उत्पादन प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या वेळी १२ ते १६ टक्के वीज नुसत्या उष्णतेने जाते. म्हणून पॅनेलच्या खाली वारा खेळायला जागा ठेवणारी मांडणी छताला चिकटवलेल्या मांडणीपेक्षा चांगली. सावलीचे नुकसान याहून मोठे असते. घट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या झाडाची सावली थोड्या भागावर पडली तरी पॅनेलचा एक-तृतीयांश भाग निकामी होऊ शकतो. अशी सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशा विजेत बदलणारा छोटा संच घ्यावा. गच्ची मोकळी असेल तर त्यावर जादा पैसे घालण्याचे कारण नाही.

दिशेबाबतची रूढ शिफारस अशी, की उत्तर गोलार्धात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, आणि कल अक्षांशाच्या जवळपास असावा. वर्षभराची सर्वाधिक युनिटे त्यातून मिळतात हे खरे. पण घरातील वापर सकाळी आणि संध्याकाळी अधिक असेल, तर अर्धी पॅनेल पूर्वेकडे व अर्धी पश्चिमेकडे ठेवल्याने एकूण उत्पादन थोडे घटूनही घरातच वापरता येणारी वीज वाढते. ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला जिथे कमी आहे तिथे मी ही मांडणी सुचवीन.

मोबदल्याचा हा प्रश्न सौर पॅनेलच्या हिशेबाचा गाभा आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेले एक युनिट आणि रात्री ग्रिडकडून घेतलेले एक युनिट यांची सरळ वजाबाकी होते, म्हणजे ग्रिड हीच ग्राहकाची फुकट बॅटरी ठरते. सौर वीज थोडी असते तोवर हे चालते. ती वाढली की दुपारी विजेचा सुकाळ आणि सूर्यास्तानंतर टंचाई अशी स्थिती येते, आणि मग नियम बदलतात. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी केला, आणि नेदरलँड्सने २०२७ च्या आरंभापासून ही वजाबाकी बंद करण्याचा कायदा केला. २५ वर्षे टिकणाऱ्या वस्तूचा हिशेब आजच्या मोबदल्यावर मांडणे म्हणूनच धोक्याचे आहे. मोबदला निम्मा झाला तरी हा व्यवहार परवडेल का, असे विचारून पाहावे. उत्तर नाही असे आले तर क्षमता कमी करावी.

मोबदला कमी असताना उपयोगी पडतो तो वापराची वेळ बदलण्याचा उपाय, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. कपडे धुण्याचे यंत्र, पाणी चढवण्याचा पंप, पाणी तापवणे आणि विजेवरील वाहनाचे चार्जिंग ही कामे दुपारी होऊ शकतात. बॅटरी नसलेल्या घरात तयार झालेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्साच घरात वापरला जातो. गरम पाण्याची वेळ दुपारवर नेली तर हा हिस्सा लक्षणीय वाढतो, कारण तापलेल्या पाण्याची उष्णतारोधक टाकी ही उष्णतेची बॅटरीच आहे आणि ती खऱ्या बॅटरीपेक्षा फार स्वस्त आहे.

इथेच सौरबंबाचा विचार करायला हवा. सौरबंब उन्हातील निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा थेट पाण्यात उतरवतो, म्हणजे त्याच जागेत तो पॅनेलच्या दुपटीहून अधिक काम करतो. परंतु पॅनेलच्या विजेवर हीट पंप चालवला तर २० टक्क्यांचे तिप्पट होऊन दोघांची बरोबरी होते. मग फरक असा राहतो, की सौरबंबात फारसे काही बिघडण्यासारखे नसते आणि त्याला वीज कंपनीची परवानगी लागत नाही. उलट कुटुंब गावाला गेले की त्याची उष्णता वाया जाते, तर पॅनेलची वीज दुसऱ्या कामाला किंवा ग्रिडला जाते. जागा भरपूर आणि खर्चाची मर्यादा असेल तर सौरबंब. जागा थोडी आणि गरजा अनेक असतील तर पॅनेल व हीट पंप.

छताच्या वयाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. गळती रोखण्याचे काम पाच वर्षांत करावे लागणार असेल तर ते पॅनेलच्या आधी करावे, नाहीतर सगळा सांगाडा उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

बॅटरी

ग्रिडला जोडलेली पॅनेल असली की वीज गेल्यावरही घर चालू राहील, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. ग्रिड बंद पडताच साधा ग्रिड-जोड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, कारण तो चालू राहिला तर तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका होईल. भर दुपारी, डोक्यावर पॅनेल असताना घर अंधारात बसते, आणि हे आधी कोणी न सांगितल्यामुळे झालेली निराशा मी पाहिली आहे. वीज गेल्यावर चालणारी व्यवस्था हवी असेल तर ग्रिड व बॅटरी दोन्हींबरोबर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि हे आधीच ठरवावे लागते.

बॅटरीचा पैशांचा हिशेब सरळ आहे. ती दुपारचे युनिट रात्रीपर्यंत सांभाळते, म्हणून तिचा प्रत्येक युनिटामागील फायदा हा विकत घेण्याचा दर आणि ग्रिडला देण्याचा मोबदला यांतील फरकाएवढाच असतो. नेट मीटरिंगमध्ये हा फरक शून्य असतो. तिथे बॅटरी काहीच मिळवून देत नाही, उलट भरण्या-उपसण्यात सुमारे १० टक्के वीज गमावते. मोबदला अगदी कमी असेल किंवा संध्याकाळचा दर फार चढा असेल, तेव्हाच तिची किंमत वसूल होण्याची शक्यता निर्माण होते.

वीज वारंवार जात असेल तर हिशेब पैशांचा उरत नाही, गरजेचा होतो; पण त्या गरजेचा आकार लोक फार मोठा धरतात. पाच एलईडी दिवे, ३० वॅटचे दोन पंखे आणि राउटर यांना मिळून ११५ वॅट लागतात, म्हणजे चार तासांना अर्ध्या युनिटाहून कमी. यासाठी एक युनिट क्षमतेची बॅटरी पुरेशी आहे, तर संपूर्ण घरासाठी म्हणून विकली जाणारी बॅटरी दहा युनिटांची असते. आवश्यक उपकरणांची तार वेगळी काढून फक्त तीच बॅटरीवर ठेवावी. प्रकार निवडताना लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे: ती हजारो वेळा भरता-उपसता येते आणि जवळजवळ पूर्ण उपसली तरी चालते, तर शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उपसली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ज्या घरी शिसे-आम्ल बॅटरी आधीपासून आहे त्यांनी ती संपेपर्यंत वापरावी आणि मोडीत देताना शिसे उघड्यावर जाणार नाही याची खात्री करून घ्यावी.

हरित म्हणून विकली जाणारी वीज

स्वतःची गच्ची नसलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या किंवा उंच इमारतीच्या सावलीत असलेल्या लोकांना हा मार्ग उरतो. सर्व स्रोतांची वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते, त्यामुळे घरात येणारा प्रवाह बदलत नाही. बदलते ती कागदावरील मालकी. पवन, जल किंवा सौर प्रकल्पाने तयार केलेल्या विजेमागे एक प्रमाणपत्र निघते, आणि वीज कंपनी ते विकत घेऊन आपल्या ग्राहकाच्या नावे खर्ची टाकते. ही पद्धत मुळात खोटी नाही, पण तिचा परिणाम प्रमाणपत्र कुठून आले यावर अवलंबून असतो. नॉर्वेची बहुतेक वीज जलविद्युत आहे, आणि तेथील प्रमाणपत्रे मोठ्या प्रमाणावर इतर युरोपीय देशांत विकली जातात. ती घेणाऱ्याची वीज कागदावर हरित होते, परंतु नॉर्वेतील धरणे त्यापूर्वीही वीज देतच होती; त्या पैशातून एकही नवी पवनचक्की उभी राहिलीच असे म्हणता येत नाही.

म्हणून वीज कंपनीला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या पैशातून नवा प्रकल्प उभा राहतो का, की जुन्याच प्रकल्पाचे कागद माझ्या नावावर होतात? आणि हरित विजेची माझ्या वापराशी जुळणी वर्षाच्या एकूण युनिटांची आहे, की तासातासाची? वर्षाच्या जुळणीत दुपारची सौर वीज रात्रीच्या वापरासमोर मांडता येते, आणि रात्री जळालेला कोळसा हिशेबातून नाहीसा होतो. गूगलने २०२० मध्ये आपली डेटा केंद्रे २०३० पर्यंत प्रत्येक तासाला कार्बनमुक्त विजेवर चालवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले ते हा दोष ओळखूनच. समाधानकारक उत्तरे मिळाली तर हा मार्ग अवश्य घ्यावा. जिथे सामूहिक सौर प्रकल्पात वाटा घेऊन त्याची युनिटे स्वतःच्या बिलातून वजा करून घेता येतात, तिथे मी प्रमाणपत्रापेक्षा त्याला वरचे स्थान देईन, कारण तिथे डोळ्यांना दिसणारा प्रकल्प असतो. काही देशांत सज्जाच्या कठड्यावर लावून थेट सॉकेटला जोडायची छोटी पॅनेलही चालतात. जर्मनीने २०२४ मध्ये त्यांच्या इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॅटपर्यंत वाढवली. भाडेकरूला घर सोडताना ती बरोबर नेता येतात. आपल्याकडील नियम परवानगी देतात का, हे मात्र आधी पाहावे.

घरावरील छोट्या पवनचक्कीविषयी थोडक्यातच सांगता येते: शहरात ती घेऊ नये. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते, आणि इमारतींमध्ये वारा मंद व भोवऱ्यांचा असतो. ब्रिटनमध्ये इमारतींवर बसवलेल्या पवनचक्क्यांच्या वॉरिक चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, तेव्हा उत्पादन अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले होते. मोकळ्या माळावर, उंच खांबावर गोष्ट वेगळी.

कोणाला काय

ग्रिडमधील वीज कशाची आहे यावर बरेच ठरते. नॉर्वे किंवा आइसलँडसारख्या, जवळजवळ पूर्ण स्वच्छ विजेच्या देशात गच्चीवरील पॅनेलने प्रदूषण फारसे कमी होत नाही. तिथे इंधनावर चालणारी वाहने आणि तापन विजेवर आणणे अधिक मोलाचे. दक्षिण आफ्रिकेसारख्या, चार-पंचमांशाहून अधिक वीज कोळशातून घेणाऱ्या देशात तेच पॅनेल वर्षानुवर्षे मोठा फरक करते. ही स्थितीही बदलत असते. जिथे १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्ट येथे कोळशावरील सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले, त्या ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळशाचे केंद्र बंद केले. ऊन फारसे न बदलणाऱ्या प्रदेशात पॅनेलचे वर्षाचे उत्पादन बऱ्यापैकी समान येते. पन्नास अंशांपलीकडील अक्षांशांवर मात्र हिवाळ्याच्या ऐन महिन्यात ते उन्हाळ्याच्या पाचव्या हिश्शाहूनही खाली जाते, आणि नेमकी त्याच वेळी घराला सर्वाधिक ऊर्जा लागते. तिथे भिंती आणि खिडक्यांतून निसटणारी उष्णता रोखण्यावर घातलेला पैसा पॅनेलपेक्षा आधी यायला हवा.

बिल कमी करणे हाच हेतू असलेल्या, स्वतःची मोकळी गच्ची असलेल्या आणि वीज क्वचितच जाणाऱ्या घराने आधी गरम पाणी व पंखे किंवा वातानुकूलन यांची व्यवस्था सुधारावी, नव्या कमी वापरावर पॅनेलची क्षमता ठरवावी, आणि बॅटरी घेऊ नये. वाहन विजेवर आणण्याचा विचार असेल तर तेवढी क्षमता आताच धरून ठेवावी. वीज वारंवार जाणाऱ्या घराने हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन लहान बॅटरीने सुरुवात करावी. ती नंतर वाढवता येईल असाच संच निवडावा. भाडेकरूने पंखे, दिवे आणि वेगळी काढता येतील अशी उपकरणे घ्यावीत व हरित विजेची वर सांगितल्याप्रमाणे चौकशी करावी. पॅनेल बसवणाऱ्याकडून महिन्यागणिक अपेक्षित उत्पादन, सावलीची पाहणी, आणि २५ वर्षांत किमान एकदा बदलावा लागणाऱ्या इन्व्हर्टरचा खर्च लेखी घ्यावा.

यातील बहुतेक बदल सवडीने होत नाहीत. गिझर थंडीच्या सकाळी बिघडतो, आणि त्याच संध्याकाळी दुकानात जो तयार असेल तो, म्हणजे पुन्हा साधाच, घरी येतो आणि पुढची दहा वर्षे रोज ४ युनिटे खात राहतो. म्हणून आताचा गिझर चालू असतानाच हीट पंपाला किती जागा लागेल, त्याच्या थंड हवेला वाट कुठून मिळेल, किंवा सौरबंबाची नळी गच्चीवरून कशी आणता येईल, हे मोजून कागदावर लिहावे आणि तो कागद मीटरच्या पेटीजवळ ठेवावा.